झडप, खून आणि वाचनाचं अ‍ॅप

सासूबाईंचं पुस्तक वॉर्डच्या काचेच्या दारात अडवलं गेलं, तिथून सगळं सुरू झालं.

"हे आत जाणार नाही," सिस्टर म्हणाली. तिनं ते पुस्तक दोन बोटांच्या चिमटीत असं धरलं होतं, जणू त्याला शेपूट असावं. "लायब्ररीचं आहे. किती जणांच्या हातांतून गेलंय कोण जाणे. ऑपरेशनच्या पेशंटजवळ असली धूळ नको."

"अहो, पण माझी शेवटची चार प्रकरणं राहिलीत," सासूबाई चाकांच्या खुर्चीतून म्हणाल्या.

"बरं झाल्यावर वाचा की, आजी."

"आणि नाही झाले तर?"

हे त्यांनी इतक्या सहज विचारलं, जणू दूध नासलं तर काय एवढाच प्रश्न असावा. माझी बायको भिंतीवरचा हात धुण्याचा तक्ता मन लावून वाचू लागली.

सासूबाईंच्या हृदयाची एक झडप आकसली होती. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर त्यांना बसावं लागायचं. ती झडप दुसऱ्या दिवशी सकाळी बदलायची होती. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली ही बाई. आयुष्यात तिनं कुठलीही गोष्ट अर्धवट सोडली नव्हती. आणि नेमकी आता एका रहस्यकादंबरीत बंद दुकानात मरून पडलेल्या घड्याळजीचा खून कुणी केला, हे कळायच्या आधीच तिला टेबलावर झोपायचं होतं. संशयित तिघं होते: घड्याळजीचा पुतण्या, त्याचा भागीदार आणि त्याचा वकील. सासूबाईंचा सगळा रोख पुतण्यावर होता.

पुस्तक माझ्या बगलेत आलं, सासूबाई आत गेल्या आणि त्यांच्या दंडाला एक पट्टा बांधला गेला. तो पट्टा थोड्या थोड्या वेळानं आपोआप फुगायचा, गुरगुरायचा, आणि खाटेशेजारच्या पडद्यावर बीपीचा आकडा उमटायचा. पहिलाच आकडा बघून सिस्टरनं भुवया उंचावल्या. दुसरा बघून तिनं सर्जनना बोलावलं.

सर्जन कमी बोलणारे होते. ते बोलले तेवढं पुरे झालं.

"बीपी असंच राहिलं तर उद्या मी हात लावणार नाही. पुढची तारीख कधी मिळेल सांगता येत नाही, आणि ही झडप फार दिवस दम धरेल असं मला वाटत नाही. गोळी दिली आहे. संध्याकाळी परत बघतो. तोवर त्यांना शांत ठेवा."

"आई, कसली काळजी करतेस?" बायकोनं विचारलं.

"काळजी नाही गं. तो पुतण्या डोक्यातून जात नाही."

तेव्हा मी घसा साफ केला. "आई, तुमच्या फोनवर पुस्तकं वाचायचं अ‍ॅप टाकतो मी. तेच पुस्तक, हवी तेवढी मोठी अक्षरं. फोन आत चालतो ना, सिस्टर?"

"स्पिरिटनं पुसून चालतो."

"झालं तर. मी बघतो."

बायको माझ्यामागोमाग दारापर्यंत आली. "अहो, समोर येईल ते एक टाका. निवडत बसू नका."

हे सांगायची तिला गरज का वाटली, तेही सांगायला हवं. मी एका मोठ्या कचेरीच्या खरेदी विभागात आहे. टाचण्यांपासून जनरेटरपर्यंत काहीही घ्यायचं तर आधी किमान तीन पर्याय मागवायचे, त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा आणि मग शिफारस लिहायची, ही सवय माझ्या हाडात मुरली आहे. आमच्या घरचा पंखा घ्यायला एक उन्हाळा गेला. मात्र तो पंखा आजही आवाज करत नाही, हे कुणी लक्षात घेत नाही.

बाहेर नातेवाइकांसाठी बाकं होती. मी सासूबाईंचा फोन घेऊन बसलो आणि 'पुस्तक वाचन' असं शोधलं. पडद्यावर अ‍ॅपची एवढी रांग आली, की अंगठा दुखेपर्यंत ढकलली तरी संपेना. सगळ्यांनाच साडेचारच्या वर तारे. माझ्या नोकरीत असा प्रकार दिसला, की आम्ही सगळ्यांनाच बाद करतो.

"काय शोधताय?" शेजारून आवाज आला.

ते गृहस्थ मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे मालक होते. त्यांची बायको सासूबाईंच्या पलीकडच्या खाटेवर होती आणि सगळा मजला त्यांना मास्तर म्हणत होता. मी थोडक्यात सांगितलं. तेवढं त्यांना पुरलं.

"अ‍ॅप म्हणजे गाडीच हो. रंगावर जाऊ नका. ब्रेक बघा."

"अ‍ॅपला ब्रेक कुठला?"

"तेच तर! लोक घेतात आणि मग थांबवता येत नाही. मी सांगतो ते घ्या. माझा साडू वापरतो."

माझ्या तक्त्यात 'साडू वापरतो' असा रकाना नव्हता. पण दारातून बायको हातानं 'काय झालं?' विचारत होती, म्हणून मी साडूचं अ‍ॅप उतरवलं. पुस्तकही त्यात लगेच सापडलं, फुकट. मला वाटलं, आपण उगीच तीस वर्षं तक्ते केले.

फोन स्पिरिटनं पुसून मी सासूबाईंच्या हाती दिला. त्यांनी चष्मा लावला. एकविसावं प्रकरण उघडलं. अर्धं पान वाचून झालं असेल नसेल, तोच अक्षरं नाहीशी झाली, एक हसरा माणूस आला आणि मोठ्यानं विचारता झाला, "तुमच्या पश्चात तुमच्या कुटुंबाचं काय?"

सगळा वॉर्ड वळला.

"विम्याची जाहिरात आहे, आई. ती फुली दाबा."

"कुठाय फुली?"

फुली मुंगीएवढी होती. माझं बोट तिच्या शेजारी पडलं आणि हसरा माणूस आणखी मोठा झाला. "वेळ कुणासाठी थांबत नाही," तो म्हणाला. "आजच निर्णय घ्या."

पट्टा गुरगुरला. सिस्टरनं आकडा बघितला आणि मग मला बघितलं.

"ब्रेक," दारातून मास्तर हळहळले. "म्हटलं नव्हतं मी?"

बाहेर येऊन मी पुन्हा बसलो. आता मात्र पद्धतशीर काम करायचं ठरवलं. पाकिटामागं रकाने आखले: जाहिराती, अक्षराचा आकार, मराठी, डोळ्यांना त्रास. बायको आली, तिनं रकाने बघितले, काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा मला जास्त धास्ती वाटते.

दुसरं अ‍ॅप जाहिरातीविना होतं. नाव घातलं, जन्मतारीख घातली. पासवर्ड घातला, तर तो कच्चा आहे म्हणालं. पक्का केला, तर त्यात एक चिन्ह हवं म्हणालं. चिन्ह घातलं, तर हे चिन्ह चालत नाही म्हणालं. ओटीपी आला तो वाचेपर्यंत शिळा झाला. शेवटी त्यानं, मी यंत्र नसून माणूस आहे, हे सिद्ध करायला सांगितलं. पडद्यावर रस्त्याच्या एका चित्राचे चौकोन होते. ज्यांत सिग्नल आहे ते सगळे निवडायचे.

मी दिव्यांचे दोन चौकोन निवडले. खांबाचे तीन निवडायला गेलो, तर मास्तरांनी माझं मनगट धरलं.

"खांब नाही!"

"खांब सिग्नलचाच आहे ना?"

"साहेब, सिग्नल म्हणजे दिवा. गाडी दिव्याला थांबते, खांबाला थांबत नाही. खांबाला थांबते त्याला अपघात म्हणतात. माझ्याकडे असं उत्तर देणाऱ्याला मी स्टिअरिंगला हात लावू देत नाही."

त्यांच्या आवाजात इतका अधिकार होता, की मी खांब सोडला. अ‍ॅप म्हणालं, चूक. दुसरं चित्र आलं. या खेपेला मी खांब घेतला. तेही चूक. मास्तर म्हणाले, "बघा! खांब घेतला म्हणून." तिसऱ्या चित्रात बस होती, तिच्या आरशाचा एक कोपरा शेजारच्या चौकोनात गेला होता, आणि आरसा म्हणजे बस की नाही यावर समोरच्या बाकावरच्या दोघांनीही मत दिलं. मत विभागलं गेलं. अ‍ॅपनं मला यंत्र ठरवलं आणि उद्या पुन्हा प्रयत्न करा असं कळवून दार लावून घेतलं.

उद्या! मी काचेतून आत पाहिलं. सासूबाई उताण्या पडून छताकडे बघत होत्या. त्यांची बोटं चादरीवर पान उलटल्यासारखी हलत होती. पट्टा फुगला. आकडा उतरला नव्हता. खिडकीबाहेरच्या इमारतींवरचं ऊन मात्र भराभर उतरू लागलं होतं.

तिसऱ्या अ‍ॅपनं माझं माणूसपण न विचारता मान्य केलं. अक्षरं ठसठशीत, कागद पिवळसर, पान उलटल्याचा बारीक आवाजसुद्धा. मी धावत आत गेलो. सासूबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी एकविसाव्या प्रकरणावर बोट ठेवलं आणि पडद्यावर आलं: 'मोफत नमुना येथे संपतो. संपूर्ण पुस्तक खरेदी करा.'

"मग करा की!" सासूबाई म्हणाल्या.

मी केली. म्हणजे कार्डाचे आकडे घातले. ताबडतोब माझा फोन वाजला. बँकेतून एक बाई अत्यंत गोड आवाजात बोलत होत्या. माझ्या कार्डावर माझ्या सवयीत न बसणारा व्यवहार झाला आहे, म्हणून कार्ड थांबवण्यात आलं आहे. मी काय घेत होतो?

"पुस्तक."

"आपण यापूर्वी कधीही चौकशीशिवाय इतक्या घाईनं काही घेतलेलं नाही, सर."

बँकेलासुद्धा माहीत होतं.

"घाई आहे हो. एक खून झालाय..." मी म्हणालो. "म्हणजे घड्याळजीचा. तो कुणी केला हे आज संध्याकाळच्या आत कळलं नाही तर माझ्या सासूबाईंचं..."

"सर, मी हा कॉल वरिष्ठांकडे देते."

वरिष्ठांनी ताटकळत ठेवून एक धून ऐकवली. ती ऐकत मी बाकांपुढून येरझाऱ्या घालत होतो, तेवढ्यात बायको बाहेर आली. तिचा आवाज चढलेला नव्हता, कापत होता.

"अहो, तुम्हाला कळत नाहीये का? तिला खुनी नकोय. घाबरलीय ती. तिला उद्यापर्यंत हातात काहीतरी धरायला हवंय." ती थांबली. "आणि मलाही."

मी फोन कानावरून काढला. तीस वर्षांच्या संसारात तिनं मला कधी घाबरल्याचं सांगितलेलं नाही. झुरळ बघूनसुद्धा नाही. मी काही बोलावं अशी वेळ होती, पण तेवढ्यात वरिष्ठ आले, माझ्या पहिल्या शाळेचं नाव विचारू लागले, आणि ते मला आठवेना. ते बायकोनं सांगितलं. तिनंच माझी जन्मतारीखही सांगितली. कार्ड सुटलं. पुस्तक आलं.

सासूबाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला आणि त्या वाचू लागल्या. पुढचा आकडा खाली आला. त्याच्या पुढचा आणखी खाली. बायकोनं कित्येक तासांत पहिल्यांदा पाठ टेकली. मी खुर्चीत जरा ऐसपैस बसलो आणि या अनुभवावरून कचेरीसाठी एक टिपण लिहायला हरकत नाही, असा विचार करू लागलो.

आणि पट्टा गुरगुरला. आकडा वर.

सिस्टर आली. पट्टा सरळ केला, पुन्हा फुगवला. आणखी वर. दिवसभरातला सगळ्यात मोठा.

"आजी, काही होतंय का? छातीत दुखतंय?"

"गप्प बसा," सासूबाई फोनवरची नजर न काढता म्हणाल्या. "दार आतून बंद होतं, आणि किल्ली वकिलाच्या खिशात सापडलीय!"

सिस्टरनं वाकून पडद्यावर दोन ओळी वाचल्या. मग आणखी दोन. मग ती भानावर आली आणि तिनं फोन काढून घेतला.

"हे असलं वाचताय? ऑपरेशनच्या आदल्या दिवशी?" हे ती सासूबाईंना विचारत होती, पण बघत माझ्याकडे होती. "डॉक्टर खालच्या मजल्यावर आलेत. त्यांच्या राउंडमधला हा मजला शेवटचा आहे. त्यांनी हा आकडा बघितला तर संपलंच."

सासूबाई एकदम म्हाताऱ्या दिसू लागल्या. "शेवटचं प्रकरण राहिलं फक्त," त्या पुटपुटल्या आणि त्यांनी बायकोचा हात शोधला.

"दुसरं काहीतरी वाचा," सिस्टर मला म्हणाली. "मोठ्यानं. शांत असं. ज्यात काही घडत नाही."

फोन माझ्या हातात होता. त्या अ‍ॅपमध्ये माझ्या मालकीचा तो एकच खून होता. बाकी सगळ्या पुस्तकांचे नमुने, आणि नमुना कुठं तोडतील याचा आता भरवसा राहिला नव्हता. मी घाबऱ्या घाबऱ्या इकडं तिकडं दाबत गेलो, आणि समोर उघडलं ते मला वर्षानुवर्षांच्या ओळखीचं वाटलं. अटी आणि शर्ती. मी खुर्ची ओढली आणि कचेरीत निविदा उघडताना वाचतो त्या आवाजात सुरुवात केली.

"कलम एक. सदर करारात, संदर्भानुसार अन्यथा अर्थ अभिप्रेत नसल्यास, 'वापरकर्ता' या संज्ञेमध्ये वापरकर्त्याचे वारस, प्रतिनिधी व अभिहस्तांकिती यांचा समावेश होईल..."

"हे काय आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"अटी आहेत, आई. नीट ऐका. लोक न वाचताच मान्य करतात."

"वाचायला हव्यात," माजी मुख्याध्यापिका म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

दुसऱ्या कलमाला त्यांनी एक व्याकरणाची चूक काढली. चौथ्याला नुसतं हुंकारल्या. मी घाई केली नाही. प्रत्येक 'तथापि'ला मी त्याचा मान दिला, प्रत्येक 'उपरोक्त' स्वच्छ उच्चारला. सातव्या कलमात पलीकडच्या खाटेवर मास्तरांची बायको घोरू लागली. लवादाच्या कलमापर्यंत दारात उभे असलेले मास्तर चौकटीला टेकून पेंगत होते. पट्टा फुगला, गुरगुरला, विसावला. मी आकड्याकडे बघायचं धाडस केलं नाही. वाचत राहिलो. मागून कुणीतरी येऊन उभं राहिल्याचं जाणवलं, तरी वाचत राहिलो. थांबलो तर सगळं कोसळेल, असं वाटत होतं.

"छान," सर्जनचा दबका आवाज आला. "उद्या सकाळी घेऊ." मग जांभई दाबत त्यांनी सिस्टरला विचारलं, "हे काय देताय तुम्ही यांना?"

सकाळी सासूबाईंना न्यायला आले तेव्हा त्या शांत होत्या. फोन त्यांनी स्वतःच्या हातानं बायकोकडे दिला. "चार्ज करून ठेव," एवढंच म्हणाल्या. स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरच्या दुहेरी दारांतून आत गेलं आणि ती दारं मागेपुढे हलत राहिली, हलायची थांबली.

त्यानंतरचा वेळ कसा गेला ते मला विनोदानं सांगता येत नाही. त्या दारावर एक लाल दिवा होता. मास्तर येऊन शेजारी बसले आणि त्यांनी गाडीचं नाव काढलं नाही. मजल्यावरच्या लोकांनी नंतर सांगितलं, की हे पहिल्यांदाच घडलं. मी उगाच पाकिटामागचा तक्ता उलगडला, घडी केली, पुन्हा उलगडला. रकान्यांतलं एक अक्षर मला लागेना.

बायकोनं पिशवीतून सासूबाईंचा फोन काढला. अ‍ॅप उघडलं. शेवटचं प्रकरण काढलं आणि वाचू लागली. ती कधी रहस्यकथा वाचत नाही. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती एकेक पान उलटत होती.

"हे काय करतेस?" मी हळूच विचारलं.

"तिनं विचारलं तर मला सांगता आलं पाहिजे," ती म्हणाली. "काहीही झालं तरी. शुद्धीवर असली नसली, तरी कानात सांगेन."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती वाचत राहिली. पुस्तक संपलं, तरी पडद्याकडे बघत राहिली. मग तो दिवा विझला. सर्जन तोंडावरचा मास्क खाली ओढत बाहेर आले आणि त्यांनी नुसती मान हलवली. कुठल्या दिशेला हलवली हे मला क्षणभर कळेना. बायकोला कळलं. ती मास्तरांच्याच गळ्यात पडली, कारण ते मध्ये उभे होते.

सासूबाईंना धड बोलता येऊ लागलं ते दुसऱ्या दिवशी. आत एका वेळी एकालाच सोडत, पण सिस्टरनं आम्हा दोघांना घेतलं आणि स्वतःही तिथंच घोटाळत राहिली. सासूबाईंनी डोळे उघडले. नळ्यांच्या गुंत्यातून त्यांचा आवाज दोऱ्यासारखा आला.

"वाचलं का कुणी शेवटचं?"

"मी वाचलं, आई."

"बरं झालं." त्या थोडं थांबल्या, दम घेतला. "मीही वाचले."

बायको हसायला गेली आणि रडली. मग ती वाकून कानाशी जाऊ लागली, तेव्हा सासूबाईंनी सुया टोचलेला हात उचलून तिला अडवलं.

"सांगू नकोस! मी वाचणारे माझी मी."

"नाही सांगत."

सासूबाई तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. शाळेत खोड्या पकडायच्या तशाच नजरेनं. बघता बघता त्यांच्या फिकट गालांवर रंग चढला.

"म्हणजे पुतण्या नव्हे," त्या म्हणाल्या.

"आई! मी एक शब्द तरी बोलले का?"

"पुतण्या असता तर आल्या आल्या माझं कौतुक केलं असतंस." त्यांनी डोळे बारीक केले. "आणि वकील..."

बायकोनं झटकन तोंड फिरवलं. सिस्टरनं श्वास रोखून धरला होता.

"तरीच किल्ली त्याच्या खिशात होती!" सासूबाई म्हणाल्या.